सख्खा प्रिंटर

फोटो चांगला यायला हवा असेल, तर प्रिंटर नात्यातला असावा लागतो. परक्या प्रिंटरवर विजेचं बिल छापावं, फार तर सातबारा काढावा; माणसाचा चेहरा त्याच्याकडे मागू नये. कऱ्हाडात ही गोष्ट कोणी कोणाला समजावून सांगत बसत नाही. शैलजा तगारे यांनाही ती माहीत होती. पण त्या एकट्या राहत, कन्याशाळेत भूगोल शिकवत, आणि छापून ठेवावं असं आजवर काही नव्हतं. त्यामुळे त्यांच्या घरी प्रिंटरच नव्हता.

गरज पडली ती दादामुळे. दिनकर, त्यांचा थोरला भाऊ, गेल्या श्रावणात गेला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. आता वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं आणि भिंतीवर लावायला फोटो नव्हता. म्हणजे फोटो होता, शैलजाबाईंच्याच मोबाइलमध्ये होता. चार उन्हाळ्यांपूर्वी माळ्यावरून आइस्क्रीमचा जुना लाकडी पॉट खाली काढला होता. बर्फ आणि खडेमीठ भरून वर ओलं पोतं टाकलं होतं, आणि दादा पालथ्या घमेल्यावर बसून हँडल फिरवत होता. शैलजाबाईंनी "दादा, इकडे बघ" म्हटलं आणि त्याने मान वर केली. त्याचा एवढा एकच फोटो त्यांना दादाचा वाटे.

तो त्यांनी आधी स्टुडिओतून छापून आणला. स्टुडिओचा प्रिंटर अर्थातच परका. त्याने छापलेला दादा खातेनिहाय चौकशीला हजर राहिल्यासारखा दिसत होता.

"वन्सं, हा परत नेऊन द्या," कुमुदवहिनी म्हणाल्या. दादाची बायको. दादाला मूलबाळ नव्हतं; वहिनी आता त्या घरात एकट्याच होत्या. "भिंतीवरून कोणी माझ्याकडे असं बघत राहिलं, तर मला भाजीत मीठ किती घातलं ते आठवायचं नाही."

म्हणून शैलजाबाई बाबरांच्या दुकानात गेल्या. दुकानावर पाटी होती : 'सर्व प्रकारचे प्रिंटर नात्यासह मिळतील'. यशवंत बाबर हा सावकाश बोलणारा, जाड भिंगाचा माणूस. गिऱ्हाईक आलं की तो आधी पाणी देई आणि मग चौकशी करी.

"फोटो कुणाचा, ताई?"

"भावाचा."

"सख्खे?"

"सख्खा."

"आहेत?"

"नाही."

बाबरांनी खिशातलं पेन काढलं होतं, ते परत ठेवलं. "मग टेका जरा. ही घाईत घ्यायची वस्तू नव्हे."

शैलजाबाईंनी प्रश्न वहीत लिहून आणले होते. शाई चार रंगांची बरी की सहा? डबीची की टाकीची? कागद चकचकीत की मॅट? रंग किती वर्षं टिकतो?

"सहा. टाकीची. मॅट. शंभर वर्षं म्हणतात, मोजायला कोण थांबलंय," बाबर एका दमात म्हणाले. "ते सगळं सोपं आहे. आधी नातं ठरवा. आधार नंबर सांगा, अर्ध्या तासापुरतं नातं लावून दाखवतो."

पहिला लावला तो मावस. प्रिंटर मिनिटभर घरघरला आणि दादा बाहेर आला : उजळ, सोनेरी उन्हातला, सगळ्यांना बर्फाचा गोळा द्यायला निघाल्यासारखा. शैलजाबाईंनी फोटो उजेडात धरला. मावशीच्या पोरांना दादा असाच दिसत असणार, मे महिन्यापुरता आणि पाहुण्यासारखा.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हा त्यांचा दादा आहे."

"मावसला उन्हाळा फार झकास येतो. पण उन्हाळाच येतो." बाबरांनी दुसऱ्या प्रिंटरवरचं फडकं काढलं. "चुलत लावू? वाटण्या झाल्यात का तुमच्याकडं?"

"नव्वद साली झाल्या."

"मग राहू दे. ओठांच्या कडेला करडी छटा येणार. हेड कितीदा धुवा, जात नाही. मानलेला भाऊ दाखवू का? स्कीममध्ये आहे. पण गाल लाल काढतो. उत्साही असतात ते."

"सख्खा नाही का?"

"आहे की. सख्ख्यासारखी प्रिंट कुणाची नाही." बाबरांनी आवाज खाली आणला. "पण त्याला जागा रिकामी लागते, ताई. नगरपालिकेचा दाखला आणा. मी देतो."

नातेनोंदणीची खिडकी नगरपालिकेच्या मागच्या अंगाला होती. तिथे मुजावर मॅडम बसत. त्यांची एक मुलगी शैलजाबाईंच्या हाताखाली शिकून गेली होती, त्यामुळे त्यांनी आत बोलावून खुर्ची दिली. शैलजाबाईंनी दादाच्या मृत्यूचा दाखला पुढे केला.

"हा वेगळा, बाई. हा माणूस गेल्याचा," मुजावर मॅडम म्हणाल्या. "आपल्याला जागा रिकामी झाल्याचा लागतो."

"एकच ना ते?"

"कुठलं एक! माणूस गेला की जागा रिकामी होतेच असं नसतं. काही जागा तीस-तीस वर्षं भरलेल्या असतात. काही माणसं घरात हिंडत-फिरत असतात आणि जागा कधीच रिकामी झालेली असते. आम्ही नातेवाइकाची सही घेतो आणि मोकळे होतो."

फॉर्म एका पानाचा होता. खाली छापलं होतं : 'वरील जागा रिकामी झाली असून ती भरण्यास माझी हरकत नाही.' शैलजाबाईंनी वाक्य दोनदा वाचलं.

"भरल्यावर त्याचं काय होतं?"

"कुणाचं?"

"ज्याची होती त्याचं."

"त्यांचं नाव राहतं की वंशावळीत. नाव कोण काढतंय? फक्त हाक दुसरीकडे जाते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही 'दादा' म्हटलं की प्रिंटर चालू होणार."

शैलजाबाईंनी फॉर्मची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. विचार करून सांगते, म्हणाल्या. मुजावर मॅडमनी त्याचीही नोंद घेतली.

संध्याकाळी त्या वहिनींकडे गेल्या. वहिनी गवार मोडत बसल्या होत्या. त्यांनी फॉर्म हात पुसून घेतला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, आणि पहिल्यांदा विचारलं ते भलतंच.

"मग मी त्याची कोण?"

"कोणाची?"

"त्या प्रिंटरची. तो ह्यांच्या जागेवर येणार ना? तुमचा तो भाऊ झाला, ते ठीक. माझा कोण झाला, सांगा की. सकाळी उठून त्याला चहा विचारायचा का मी?"

"वहिनी, प्रिंटर माझ्या घरी राहील."

"हे तर फारच झालं. माझा नवरा तुमच्या घरी राहणार!" वहिनी हसल्या, पण गवारीची शेंग तशीच हातात राहिली. मग त्या म्हणाल्या, "पेन्शनच्या कागदावर सह्या केल्या, बँकेत केल्या, गॅसच्या कार्डावर केली. सगळीकडे 'मयत' लिहिलं. पण जागा रिकामी आहे असं मी कुठेच लिहून दिलेलं नाही. तुम्ही देणार असाल तर द्या. मी आडवी येत नाही."

शैलजाबाई रात्रभर फॉर्मचा विचार करत होत्या असं काही झालं नाही. त्यांनी नववीच्या वह्या तपासल्या आणि झोपल्या. सकाळी मात्र त्यांना कळलं की आपण सही करणार नाही. फोटो नसला तर नसू दे. स्टुडिओतला तो चौकशीचा दादा भिंतीवर लावू, आणि वहिनींना सांगू की भाजी करताना तिकडे पाठ करून बसत जा.

कोरा फॉर्म परत करायला त्या खिडकीवर गेल्या. परत केलेल्या फॉर्मचीही नोंद कुटुंबाच्या पानावर करावी लागते, म्हणून मुजावर मॅडमनी तगारे कुटुंबाचं जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली आल्या आणि थांबल्या.

"बाई, तुमच्याकडे भावंडांच्या तीन जागा आहेत."

"दोन. दादा आणि मी."

"तीन. दिनकर, मग एक, मग तुम्ही." त्यांनी रजिस्टर वळवून दाखवलं. "सोळा मार्च एकोणसत्तर. पुरुष. नावाच्या रकान्यात रेघ. सव्वीस मार्चला जागा रिकामी. त्यानंतर कुणाचा अर्ज नाही."

शैलजाबाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. त्यांना माहीत होतं. आईने कधी सांगितलं नव्हतं. दादाने सांगितलं होतं, माळ्यावर, पुस्तकाची शपथ घालून. आपल्या दोघांच्या मध्ये एक होता. बारशाच्या आदल्या दिवशी गेला, म्हणून त्याला नाव नाही. मग दोघांनी मिळून त्याला 'मधला' म्हणायचं ठरवलं. तेव्हापासून घरात काही फुटलं की ते मधल्याने फोडलेलं असे. कंदिलाची काच मधल्याने फोडली. लिमलेटच्या गोळ्या मधल्याने संपवल्या. हे सगळं अर्थात आईच्या कानाआड चाले. आणि भाड्याची सायकल आणली की दादा फेऱ्या ठरवी : एक माझी, एक मधल्याची, एक तुझी. मधल्याची फेरी दादा मारी, कारण मधला त्याच्या पाठचा. शैलजाबाईंना बारा वर्षांच्या होईपर्यंत कळलं नव्हतं की आपल्याला निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा मिळतो. कळलं तेव्हा त्या रडल्या, पण मधल्याची फेरी बंद कर असं म्हणवेना.

"ह्या जागेला सही कुणाची लागेल?" त्यांनी विचारलं.

"भावंडांपैकी कुणाचीही. तुम्हीच उरलात."

फॉर्म तोच होता, वाक्यही तेच. शैलजाबाईंनी सही केली. शिक्का ओला होता, म्हणून मुजावर मॅडमनी त्यावर फुंकर घातली.

बाबरांनी दाखला वाचला आणि डोकं खाजवलं. "ताई, कागद बरोबर आहे. पण ह्यांनी तुमच्या भावाला पाहिलंय किती? अकरा दिवस. तेही बहुतेक डोळे मिटून."

"मी सांगेन त्याला."

"सांगून येतो फोटो, नाही असं नाही. अकरा दिवस घरात राहू द्या, रोज सांगत जा. एकच सांगतो : खरं सांगा. गेलेल्या माणसाबद्दल आपण गोड बोलतो. गोड बोललं की प्रिंट पिवळट येते, मग लोक मला शिव्या घालतात."

प्रिंटर रिक्षातून घरी आला. शैलजाबाईंनी त्याला खिडकीखालच्या टेबलावर ठेवलं, सहा टाक्या भरल्या, दारात उभं राहून भाकरतुकडा ओवाळायचा राहिला म्हणून उलट्या पावली दारापर्यंत नेऊन परत आणला. त्याच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली : 'नाव?' त्यांनी 'मधला' असं टाइप केलं. पडद्यावर 'ठीक' आलं.

शाळेतून आल्या की चहाचा कप घेऊन त्या त्याच्यासमोर बसत आणि सांगत. दादा गणितात हुशार होता. दादाने पहिल्या पगारात आईला नऊवारी आणि मला ॲटलास आणला. अजूनही वर्गात तोच नेते, त्यात सोव्हिएत रशिया आहे, मुली हसतात. दादाने धरणाच्या भिंतीवर उभं करून मला नदीचं पात्र दाखवलं आणि म्हणाला, पुस्तकात निळं दाखवतात ते हे, बघ, मातकट आहे. चौथ्या दिवशी त्यांनी फोटो छापून पाहिला. दादा हळदीत बुडवून काढल्यासारखा आला.

मग त्यांनी सायकलच्या फेऱ्यांचं सांगितलं. "तुझी फेरी तो मारायचा," त्या म्हणाल्या. "तुला विचारत नव्हता. मीही गप्प बसले." प्रिंटरचं हेड एकदा या टोकाहून त्या टोकाला गेलं. दुसऱ्या प्रिंटमध्ये पिवळेपणा कमी होता, पण डोळे अजून कुणाचे तरी होते.

आठव्या दिवशी त्यांनी नुसता चहा प्यायला.

नवव्या दिवशी म्हणाल्या, "आई शेवटी आठ महिने अंथरुणावर होती. मी म्हटलं, माझ्याकडे आणू. दादा म्हणाला, आई थोरल्याच्या घरीच राहील. म्हणाला, तुला शाळा आहे, तुझ्याच्यानं व्हायचं नाही. वहिनींच्या देखत म्हणाला. मी शनिवार-रविवार जायची, पाहुण्यासारखी. आई गेली तेव्हा मी वर्गात वारे शिकवत होते. त्यानंतर दीड वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. भाऊबीजेला गेले नाही. त्याने दोनदा बोलावलं, मी परीक्षेचं कारण सांगितलं." त्यांनी कप खाली ठेवला. "मग एक दिवस तो फणस घेऊन दारात उभा राहिला. आत आला, बसला. माफी वगैरे काही मागितली नाही. म्हणाला, तेल आण, विळीला लावायला. मी आणलं. दोघांनी मिळून फणस फोडला. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं का, मला अजून कळत नाही. पण त्याचं चुकलंच होतं. आणि दीड वर्ष म्हणजे माझंही फार झालं."

प्रिंटरने काही हालचाल केली नाही. पडद्यावर 'शाई पुरेशी आहे' एवढंच होतं.

बाराव्या दिवशी त्यांनी मॅटचा एक कागद घातला आणि बटण दाबलं. सख्ख्याला वेळ लागतो. कागद रेघ-रेघ खाली येत राहिला : आधी मागची भिंत, मग विरळ झालेले केस, कपाळ. एक भुवई अंमळ वर. मग डोळे. मग दाबून धरलेले ओठ, पण धरून ठेवता न आलेले. काहीतरी ढापलं आहे, समोरच्याला ते कळलं आहे, आणि कळलं आहे हे आपल्यालाही ठाऊक आहे, असा तो चेहरा होता. त्यात करडेपणा होता, तो असायला हवा होता तेवढाच. शैलजाबाईंनी फोटो वाळेपर्यंत हातात धरला. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "दादा."

प्रिंटर चालू झाला नाही. तो बंद होता तसाच राहिला. फोटोकडे बघत शैलजाबाई आणखी एकदा म्हणाल्या, मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी शैलजाबाई फोटो घेऊन वहिनींकडे गेल्या. वहिनींनी तो हातात घेतला, खिडकीशी नेला, चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

"हे असे हसायचे?"

"आमच्याशी."

"तेहतीस वर्षांत मला नाही दिसले असे."

"तुमच्यासमोर तो चांगला वागायचा, वहिनी."

"म्हणजे मला नुसता चांगलाच मिळाला म्हणा." वहिनींनी पदराने काचेवर नसलेली धूळ पुसावी तसा फोटोवरून हात फिरवला, कागदाला न लागता. "लबाड दिसतोय चांगलाच. राहू दे हाच. ह्याची माझी ओळख व्हायची आहे अजून. भिंतीवर असला की होईल हळूहळू."

त्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगावर घडीची साडी होती आणि हातात पिशवी.

"कुठे निघालात?"

"तुमच्याकडे. भाऊजींना वर्षश्राद्धाचं सांगायला. धाकटे दीर आहेत, फोनवर सांगितलेलं बरं दिसत नाही. आणि गुरुजींना मी विचारलंय. ते म्हणाले, सख्खा धाकटा भाऊ असताना चुलत कशाला? फक्त त्यांना पाण्यापासून जरा लांब बसवा म्हणाले."

वर्षश्राद्ध नीट झालं. गुरुजींनी मंत्र सांगितले, दर्भ कागदाच्या ट्रेमध्ये ठेवला, आणि संकल्पाच्या वेळी नाव विचारल्यावर शैलजाबाईंनी सांगितलं. गुरुजींनी ते तसंच उच्चारलं. चुलत भाऊ साताऱ्याहून आले होते. आपल्याला डावललं म्हणून ते जरा फुगले होते, पण जेवायला बसले. केळीची पानं मांडताना वहिनींनी पहिलं पान भाऊजींचं घेतलं. भाऊजींची वायर आखूड होती. म्हणून सगळी पंगतच दोन हात भिंतीकडे सरकवून घेतली, आणि वाढायला सुरुवात झाली.